तीन किलो भुकटीचे मोल

माशाला प्रथिने जितकी अधिक घालावीत तितका तो लवकर वाढतो, ही समजूत आपल्याकडील मत्स्यपालकांत इतकी दृढ आहे की, खाद्याच्या गोणीवर छापलेला प्रथिनांचा आकडा हाच त्या खाद्याच्या प्रतीचा एकमेव दाखला मानला जातो. इंदापूर तालुक्यातील शेततळ्यांत चिलापी पाळणाऱ्यांना खाद्य पुरविणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ते खाद्य सिद्ध होण्याची सारी क्रिया जवळून पाहिल्यावर, हा आकडा जेवढे सांगतो त्याहून कितीतरी अधिक झाकून ठेवतो, याविषयी माझी खात्री पटली.

मासा प्रथिने खातो खरा. परंतु त्याच्या देहाला गरज असते ती प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची, आणि त्यांपैकी दहा त्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. छापखान्यातील जुळाऱ्याच्या पेटीत बाकी सर्व अक्षरांचे खिळे मुबलक असूनही एकाच अक्षराचे संपले, तर मजकूर जसा तेथेच अडतो, तशी या दहांतील एकाची जरी तूट पडली तरी मांस घडण्याचे काम त्या तुटीपाशी थांबते. आणि उरलेली आम्ले साठवून ठेवण्याची तजवीज शरीरात नसल्यामुळे ती इंधन म्हणून जळतात व त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपाने मुख्यतः कल्ल्यांवाटे तळ्याच्या पाण्यात उतरते. सुक्या मासळीच्या कुटीत या आम्लांचा मेळ माशाच्या गरजेशी चांगला जमतो, पण ती महाग. सोयाबीनच्या पेंडीत मेथिओनिन तोकडे, तर शेंगदाण्याच्या व सरकीच्या पेंडीत आणि मक्यात लायसिन तोकडे. ही तूट भरून काढण्यासाठी पेंडच वाढवीत जाण्याचा जुना मार्ग म्हणजे पैसा आणि पाणी या दोहोंची नासाडी होय.

दुसरा मार्ग हिशेबाचा आहे. हजार किलो खाद्यात २८ टक्के प्रथिने धरली तर ती २८० किलो होतात. चिलापीला प्रथिनांच्या सुमारे ५.१ टक्के लायसिन लागते, म्हणजे १४.३ किलो. पेंडी, मका व कोंडा यांतून समजा १२ किलो मिळाले, तर तूट उरते २.३ किलोंची, आणि बाजारात मिळणाऱ्या लायसिनच्या क्षारात शुद्ध लायसिन ७८ टक्के असल्याने सुमारे तीन किलो भुकटीत ती भरून निघते. ही भुकटी शर्करायुक्त द्रावणात जिवाणू वाढवून, किण्वनाने तयार होते. मेथिओनिन बहुधा रासायनिक संश्लेषणाने बनते, आणि त्याचे पोते उघडताच गंधकाचा उग्र दर्प नाकात शिरतो.

मिसळणीचे काम पाहणारा वयस्क कारागीर ही तीन किलो भुकटी थेट यंत्रात ओतीत नाही. प्रथम तो ती चाळलेल्या पाच-सहा किलो सोयापेंडीत हाताने खालीवर करून एकजीव करतो, ते मिश्रण आणखी पेंडीत मुरवितो, आणि मगच मोठ्या मिश्रणयंत्राचे झाकण उघडतो. मी कारण विचारताच तो म्हणाला, “थेट टाकलं तर एका कोपऱ्यात बसतं, साहेब, मग एका माशाच्या वाट्याला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही.” पुढे वाफ व दाब यांनी शिजून साच्याच्या छिद्रांतून गोळी बाहेर पडते. त्या वेळी उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर लायसिन शर्करेशी बांधले जाऊन माशाच्या उपयोगाचे राहत नाही, म्हणून गोळीचा रंग गडद होऊ लागला की यंत्रावरचा माणूस ताबडतोब ताप उतरवितो.

सुटी आम्ले पाण्यात लवकर विरघळतात आणि प्रथिनांतील आम्लांच्या आधीच रक्तात पोचतात. म्हणून खाद्य दिवसातून अनेकदा, थोडे थोडे द्यावे लागते. रोहू-कटला यांना जठरच नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत ही दक्षता विशेष हवी. तोल साधला तर वाढ न घटता प्रथिने ३२ वरून २८ टक्क्यांवर आणता येतात. हजार किलोंमागे ४० किलो प्रथिने वाचतात आणि, मिसळलेल्या आम्लांतील नत्र वजा घातले तरी, पाच-सहा किलो नत्र तळ्यात जाण्याचे टळते. उन्हाळ्यातील दुपारी शेवाळाने पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया अधिक विषारी होतो, तेव्हा या बचतीचे मोल कळते.

गोणीवरील आकडा मात्र यातले काहीच सांगत नाही. १८८३ साली योहान केल्डाल यांनी शोधलेल्या पद्धतीने मोजले जाते ते नत्र; त्याला ६.२५ ने गुणून प्रथिने ठरविली जातात, आणि त्या मोजणीत जळालेले लायसिन तर सोडाच, मिसळलेला युरियाही प्रथिन म्हणूनच जमेस धरला जातो. म्हणून मत्स्यपालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, खाद्य घेताना प्रथिने किती एवढेच न विचारता लायसिन किती व मेथिओनिन किती, हेही विचारावे, आणि ज्याला ते सांगता येत नाही त्याचा माल घेऊ नये.