दुर्गापूर कुठले? सर्च इंजिन बदलण्याआधी विचारायचा प्रश्न

जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय सर्च इंजिनाची वर्षभराची प्रो सेवा मोफत देऊ केली. ऑक्टोबरमध्ये जिओने गूगलच्या जेमिनी या एआय सहायकाची दीड वर्षाची वर्गणी तशीच देऊ केली. सर्च इंजिन बदलायचे का, हा प्रश्न असा रिचार्जच्या वाटेने चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांपर्यंतही पोचला आहे. तो क्षुल्लक नाही. मुलांचा प्रवेश, कर्जाचा व्याजदर, औषधाचा दुष्परिणाम, इरई धरणाचे दरवाजे यांबद्दल आपल्याला काय कळणार आणि काय कळायचे राहून जाणार, हे त्या एका चौकटीवर बरेचसे अवलंबून असते. म्हणून हा निर्णय जाहिरातीवर किंवा फुकटच्या योजनेवर सोडू नये. आपल्या गावाबद्दलचा, आपल्या भाषेतला अवघड प्रश्न हीच त्याची खरी कसोटी आहे.

आधी सवयीचा हिशेब मांडू. बहुतेकांनी गूगल निवडलेले नाही. फोन हातात आला तेव्हा ते त्यात होतेच. ही आयती जागा मिळवण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. गूगलने शोधाच्या क्षेत्रातली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निकाल न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये, नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडण्याची सोय भारतात देऊ, असे कंपनीने जाहीर केले. आयते मिळालेले माणूस सहसा बदलत नाही, म्हणून त्या जागेला एवढे मोल. आज मोफत वर्गणी वाटणाऱ्यांनाही हीच सवय हवी आहे. तेव्हा एखादे इंजिन सगळे वापरतात एवढ्याने ते चांगले ठरत नाही, आणि दुसरे फुकट मिळाले एवढ्यानेही नाही.

मग ठरवायचे कशावर? सर्च इंजिन मुख्यतः तीन कामे करते: पाने गोळा करणे, त्यांची सूची बनवणे आणि प्रश्नानुसार त्यांचा क्रम लावणे. तिन्ही कामांत ऊर्जानगर त्याची परीक्षा घेते. वसाहतीला लागून असलेले दुर्गापूर घ्या. पश्चिम बंगालमध्येही दुर्गापूर आहे. तिथेही औष्णिक वीज केंद्र आणि जवळपास कोळसापट्टा. ‘दुर्गापूर वीज केंद्र’ एवढेच टाकल्यावर कोणते दुर्गापूर हवे, हे इंजिनाला विचारणाऱ्याच्या भाषेवरून आणि ठिकाणावरून ओळखावे लागते. चंद्रपूर नावाचे गाव छत्तीसगडमध्ये आहे, नेपाळातही आहे. आणि आपल्या चंद्रपूरचे जुने कागद ‘चांदा’ या नावाखाली पडून आहेत. ‘ऊर्जानगर’ अनेक जण ‘उर्जानगर’ असे लिहितात. शिवाय मराठीत शब्द रूप बदलतो: वाघ, वाघाने, वाघांचा. ही सगळी एकाच शब्दाची रूपे आहेत हे ज्या यंत्राला उमगत नाही, त्याच्या सूचीत पान असूनही ते आपल्या हाती येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: असे असेल तर मोठेच इंजिन बरे नाही का? त्यात तथ्य आहे. लोक काय शोधतात आणि कशावर बोट ठेवतात, यावरून इंजिन शिकत जाते. ज्याच्याकडे मराठी प्रश्न जास्त येतात, त्याला मराठी जास्त कळण्याची शक्यता असते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी असले तरी वेबवर मराठी मजकूर फार तुटपुंजा आहे, त्यामुळे नवख्याला शिकायला साहित्यही कमी. माग न ठेवण्याचे वचन देणारे डकडकगो घेतले, तर खासगीपणाचा लाभ खरा आहे. पण त्याचे वेबचे निकाल बऱ्याच अंशी मायक्रोसॉफ्टच्या बिंगवरून येतात. वरचे नाव बदलले म्हणून खालची मराठी सूची बदलली असे होत नाही. ब्रेव्ह या सर्च इंजिनाने मात्र २०२१ पासून स्वतःची सूची उभारली आहे. पण हे सगळे शक्यतेचे बोलणे झाले. मोठ्याचा फायदा गृहीत न धरता तो आपल्या प्रश्नांवर पडताळून पाहता येतो, आणि पाहायलाच हवा.

दुसरा आक्षेप एआयच्या बाजूचा: थेट उत्तर मिळत असताना पाने कशाला चाळायची? पावसाळ्यातला एक प्रश्न घ्या. ‘इरईचे किती दरवाजे उघडले?’ धरणाला सात दरवाजे आहेत, आणि सातही उघडल्याच्या बातम्या वेगवेगळ्या वर्षांच्या आहेत. इथे आकड्याइतकीच तारीख महत्त्वाची. गेल्या वर्षीचे अचूक उत्तर आज चुकीचे आणि धोक्याचे. युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १८ देशांतल्या आणि १४ भाषांतल्या पाहणीत एआय सहायकांच्या बातम्यांविषयीच्या ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष आढळला. सफाईदार वाक्यामुळे शंका घेण्याची जागाच उरत नाही, हा त्यातला मोठा धोका. लांबलचक परिपत्रकाचा सारांश करायला ही साधने उपयोगी आहेत. पुराच्या किंवा बिबट्या आल्याच्या बातमीसाठी मात्र मूळ पान आणि त्यावरची तारीख उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा: नवे इंजिन उद्या बंद पडले तर? गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेल्या श्रीधर रामस्वामी यांनी उभारलेले नीव्हा हे सर्च इंजिन २०२३ मध्ये बंद पडले. २००६ मध्ये सुरू झालेले भारतीय ‘गुरुजी’ही उरले नाही. पण सर्च इंजिन बदलणे म्हणजे घर बदलणे नव्हे. सेटिंगमध्ये जाऊन जुने परत आणता येते. बदल इतका स्वस्त असल्यामुळे घाईने निष्ठा देण्याचे कारण नाही आणि घाबरण्याचेही नाही. आपल्याला खरोखर पडणारे दहा प्रश्न मराठीत लिहून काढावेत, जुन्या आणि नव्या दोन्ही इंजिनांत टाकावेत आणि तीनच गोष्टी पाहाव्यात: ठिकाण बरोबर ओळखले का, मूळ पानापर्यंत नेले का, तारीख दाखवली का. तोवर नव्याला दुसरी जागा द्यावी. ज्याने दुर्गापूर विचारल्यावर आपल्याला बंगालला नेले, त्याची वर्षभराची वर्गणी फुकट असली तरी पहिली जागा त्याची नव्हे.