विश्लेषण : खोक्यावर हजारो वॅट, तरी आवाज फुसका का? कमी पैशांत चांगले स्पीकर कसे निवडाल?

टीव्ही पातळ होत गेले, तसे त्यांच्या आतले स्पीकरही लहान झाले. मालिकेतले संवाद नीट कळावेत, गाणी जरा बऱ्या आवाजात ऐकता यावीत म्हणून अनेक घरांत पाच-दहा हजार रुपयांपर्यंतचे स्पीकर घेण्याचा विचार होतो. मात्र दुकानात किंवा ॲपवर नजर आधी जाते ती वॅटच्या मोठ्या आकड्याकडे. खरेदी बहुधा तिथेच फसते.

खोक्यावरचे वॅट खरे असतात का?

वॅटचे आकडे प्रामुख्याने दोन प्रकारे छापले जातात. ‘आरएमएस’ हा स्पीकर सलग किती शक्ती देऊ शकतो याचा आकडा असतो. ‘पीएमपीओ’ म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकणारी कमाल शक्ती. ती मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. त्यामुळे मोजक्या वॅटच्या संचावरही हजारांतला आकडा छापता येतो. पीएमपीओकडे सरळ दुर्लक्ष करावे आणि आरएमएस किती, एवढेच विचारावे.

आरएमएसचा आकडा पडताळता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. त्यासाठी स्पीकरसोबतचा अडॅप्टर पाहावा. त्यावरच्या ‘आउटपुट’च्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात; त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असतील तर २४ वॅट झाले. बॅटरी नसलेला स्पीकर सलग यापेक्षा जास्त शक्ती देऊच शकत नाही, कारण तेवढी वीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. संगणकाच्या यूएसबी २.० पोर्टमधून साधारण ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. त्यावर चालणाऱ्या स्पीकरवर ‘१०० वॅट’ लिहिले असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. थेट विजेवर चालणाऱ्या संचाच्या मागच्या बाजूला वीज वापराचा आकडा बहुधा छापलेला असतो, तो वाचावा.

जास्त वॅट म्हणजे मोठा आवाज ना?

वाटतो तितका नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट शक्ती. २० वॅटऐवजी ४० वॅटचा संच घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही. फ्लॅटच्या दिवाणखान्यात नेहमीच्या आवाजाला सरासरी एक-दोन वॅटही पुरतात. उरलेली शक्ती ढोलकीची थाप किंवा पडद्यावरचा स्फोट अशा क्षणांसाठी राखीव असते.

‘चांगला आवाज’ ज्याच्या-त्याच्या आवडीवर नसतो का?

काही प्रमाणात असतो, पण समजतो तितका नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात श्रोत्यांना पडद्याआड ठेवलेले स्पीकर ऐकवून चाचण्या घेतल्या. नाव, किंमत, आकार दिसत नसताना श्रोत्यांची मते बरीच जुळली. खर्ज किंवा तार स्वर फुगवून न दाखवणारे, समोर आणि बाजूलाही समतोल ऐकू येणारे स्पीकर त्यांना आवडले. स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की श्रोत्यांचे गुण बदलतात, हे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवले.

साउंडबार घ्यावा की दोन स्पीकरची जोडी?

टीव्हीचे संवाद हीच मुख्य गरज असेल आणि जागा कमी असेल, तर साउंडबार सोयीचा. मुख्यतः गाणी ऐकायची असतील, तर त्याच पैशांत डाव्या-उजव्या स्पीकरची साधी जोडी, म्हणजे ‘२.०’ संच, बहुधा सरस ठरते. ‘२.१’ मध्ये वूफर वेगळा असतो. पण स्वस्त संचात दोन्ही बाजूंचे स्पीकर इतके लहान असतात की मधले स्वर, म्हणजे नेमका गायकाचा आवाज, पोकळ होतो आणि खर्ज घुमत राहतो. टीव्हीला जोडायचे असल्यास एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल जोडणी आहे का, ते पाहावे. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येऊन ओठांशी मेळ चुकण्याची शक्यता असते.

दुकानात काय ऐकावे?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातील तपकीर गल्ली, दुकानदार बहुतेक वेळा धडधडणारे गाणे लावतो. त्याऐवजी आपल्या फोनमधले ओळखीचे गाणे लावावे. बातम्या देणाऱ्याचा आवाज नैसर्गिक वाटतो का, तबल्याच्या डग्ग्याची घुमक वेगळी कळते का, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का, हे तपासावे. दोन संचांची तुलना करताना आवाज सारखाच ठेवावा. किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत आणि जवळचे सेवा केंद्र आधी पाहावे.

घरी आणल्यावर काय करावे?

इथे एक रुपयाही न खर्चता आवाज सुधारतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो. भिंतीपासून थोडा पुढे घेतला की मोकळा होतो. उंच स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर असावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. खोलीत टाळी वाजवून पाहावी. ती झणझणली, तर फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा हवा.

दाव्यात आणि वस्तूत फरक निघाला तर?

खोका, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.