खुनी कोण, हे कळल्यानंतरही...

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

एक जुना विनोद तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. थिएटरात रहस्यपट सुरू झालेला असतो. उशिरा आलेले एक गृहस्थ काळोखात चाचपडत असतात. डोअरकीपर बॅटरी दाखवत त्यांना खुर्चीपर्यंत नेतो आणि बक्षिशीच्या आशेनं तिथंच घुटमळतो. गृहस्थ काही खिशात हात घालत नाहीत. शेवटी डोअरकीपर वाकून त्यांच्या कानात सांगतो, ‘‘साहेब, खून माळ्यानं केलाय!’’

आपण हसतो, कारण त्या गृहस्थांचे तिकिटाचे पैसे पाण्यात गेले, असं आपल्याला वाटतं. पण थोडा विचार करू या. एका नावानं जो सिनेमा संपतो, त्या सिनेमात त्या नावाखेरीज होतं तरी काय? शब्दकोडं सुटलं की वर्तमानपत्र रद्दीत जातं, तशातलीच ती गत. उलट, काही गुन्हेपट असे आहेत की खुनी कोण हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, तरी आपण खुर्चीतून हलत नाही आणि दुसऱ्यांदाही तितक्याच ओढीनं पाहतो. चांगला गुन्हेपट ओळखायची माझी कसोटी हीच आहे. त्या डोअरकीपरला ज्याचं काही बिघडवता येत नाही, तो चांगला. या कसोटीला उतरणारे सहा चित्रपट आज सुचवणार आहे.

आधी एक प्रश्न. शेवट माहीत असताना उत्कंठा टिकते कशी? याचं उत्तर आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानं फार सोप्या उदाहरणानं दिलं आहे. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकानं आधीच पाहिला असेल आणि त्या दोघांना तो ठाऊक नसेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात. म्हणजे माहिती लपवून धक्का मिळतो आणि माहिती देऊन उत्कंठा मिळते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पिढ्या वाढल्या. त्यांतल्या झुंजार आणि काळापहाड यांची नावं आजही निघतात, गुन्हेगारांची नावं मात्र कुणाला आठवतात?

सुरुवात घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा अशा चित्रपटानं करू या. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’, १९७४ सालचा. कादंबरी त्यांचीच, पटकथा त्यांचीच, संगीतही त्यांचंच. मुकुल नावाच्या लहान मुलाला गतजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवतो. तिथं धन पुरलेलं असावं, या लोभानं दोन भामटे त्याच्या मागे लागतात आणि फेलूदा हा गुप्तहेर भामट्यांच्या मागे. आता गंमत पाहा. हे भामटे कोण, हे राय यांनी चित्रपटात प्रेक्षकाला आधीच दाखवून टाकलं आहे. फेलूदाला ते माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. त्यामुळे भामटा मुलाशी गोड बोलू लागला की आपल्याच पोटात गोळा येतो. सौमित्र चटर्जींचा फेलूदा, संतोष दत्तांचे भाबडे रहस्यकथालेखक जटायू आणि शेवटी उन्हात पिवळाधमक दिसणारा जैसलमेरचा किल्ला. त्यात उंटांवर बसून आगगाडी गाठायची धडपडही आहे. बंगाली येत नसलं तरी अडत नाही.

दुसरा चित्रपट मात्र मुलांसोबत पाहू नये. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’, १९३१ सालचा. त्यांचा हा पहिलाच बोलपट. शहरात लहान मुलींचे खून होत आहेत. खुनी पकडून देणाऱ्याला दहा हजार मार्कांचं बक्षीस लावलेलं आहे. त्या बक्षिसाच्या जाहिरातीवरच एका माणसाची सावली पडते आणि तो एका मुलीशी बोलू लागतो. पुढे काय घडलं, हे लांग दाखवत नाहीत. मुलीचा चेंडू गवतात घरंगळत येतो, तिचा फुगा तारांमध्ये अडकतो, बस्स. खुन्याचा चेहराही आपल्याला लवकरच दिसतो.

मग चित्रपट चालतो कशावर? पोलिसांच्या रोजच्या धाडींमुळे शहरातल्या चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो. तेव्हा तेही ठरवतात की या खुन्याला आपणच पकडायचं. एकाच वेळी पोलिसांची बैठक आणि गुन्हेगारांची बैठक चालू असते, आणि दोन्हीकडची बोलणी इतकी सारखी की ऐकणारा चपापतो. खुन्याला शिटीवर एक धून वाजवायची सवय असते. आवाज नुकताच पडद्यावर आलेला होता, आणि लांग यांनी त्याचाच पुरावा केला. धून ओळखतो तो एक आंधळा फुगेवाला! शेवटी गुन्हेगारच त्या खुन्यावर खटला भरतात. पीटर लॉरी हा नट तिथं जे बोलतो, ते ऐकताना आपण त्याला क्षमा करत नाही. पण आरडाओरडा करणाऱ्या त्या जमावात आपणही उभे आहोत की काय, अशी शंका मनाला चाटून जाते. गुन्हेगार निश्चित ठाऊक असला, तरी त्याचा न्याय कुणी करायचा, हा प्रश्न उरतोच.

तिसरा जपानचा. अकिरा कुरोसावा यांचा १९६३ सालचा ‘हाय अँड लो’. मूळ जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. कथा एड मॅकबेन या अमेरिकी लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली आहे. टेकडीवरच्या बंगल्यात बुटांच्या कंपनीतला एक बडा अधिकारी राहतो. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्यानं घरदार गहाण टाकून रक्कम जमवली आहे. तेवढ्यात फोन येतो, ‘तुझ्या मुलाला पळवलं आहे, तीन कोटी येन दे.’ बाप लगेच तयार होतो. आणि मग कळतं की पळवलेला मुलगा याचा नाहीच, ड्रायव्हरचा आहे. खंडणी मात्र यानंच द्यायची आहे.

इथून पुढचा बराच वेळ कॅमेरा दिवाणखान्याबाहेर पडत नाही. पैसे दिले तर हा माणूस रस्त्यावर येणार, न दिले तर दुसऱ्याचं पोर मरणार. कोपऱ्यात मान खाली घालून उभा असलेला ड्रायव्हर काही मागू शकत नाही आणि त्याचं न मागणंच मालकाला सोसवत नाही. उत्तरार्धात पोलिसांचा तपास आहे, आणि तपास कसा असतो हे शिकावं तर इथं. फोनच्या ध्वनिफितीत मागे ऐकू आलेल्या खडखडाटावरून ट्रामचा मार्ग ओळखला जातो. खंडणीच्या बॅगांत, जाळल्यास रंगीत धूर निघेल अशी पुडी दडवलेली असते. सबंध चित्रपट कृष्णधवल आहे आणि एका क्षणी शहरावर गुलाबी धुराची रेघ उठते. इथंही गुन्हेगार आपल्याला शेवटाच्या बऱ्याच आधी दिसतो. तो राहतो टेकडीच्या पायथ्याच्या गल्ल्यांत. उकाड्यात घामेजून वरच्या थंडगार बंगल्याकडे पाहत राहणारा हा तरुण कोण, यापेक्षा त्याला नेमकं काय सलतं आहे, हे कळून घ्यायला आपण थांबतो.

आता आपल्याकडे वळू. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’, १९६० सालचा. त्या काळात हिंदी चित्रपट आणि एकही गाणं नाही, हेच केवढं धाडस! सुरुवातीलाच एक आरोपी कोर्टात विचारतो, ‘ज्याच्या खुनाबद्दल मी आधीच शिक्षा भोगून आलो, तो तर जिवंत होता. माझी गेलेली वर्षं आता कोण परत देणार?’ हा प्रश्न मनात ठेवूनच पुढचा चित्रपट पाहायचा आहे. एक सरकारी वकील, राजेंद्रकुमार, आपल्या डोळ्यांनी एक खून होताना पाहतो. खून करणारे गृहस्थ म्हणजे न्यायाधीश, अशोककुमार, वकिलाचे होणारे सासरे. आणि पकडला जातो एक भुरटा चोर, जो नेमका त्या रात्री तिथं शिरलेला असतो. हा चोर आपल्या नाना पळशीकरांनी असा उभा केला आहे की त्यांना त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. याचा शेवट मी सांगणार नाही. तो काहीसा ओढूनताणून आणला आहे, अशी टीका होते आणि ती अगदीच खोटी नाही. पण ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ या वाक्यावर आपण केवढा भरवसा टाकतो, आणि त्या भरवशावर एखाद्याला फासावर द्यावं का, हा चित्रपटाचा सवाल शेवटानंतरही तसाच राहतो.

डोळ्यांनी पाहिलेल्याचा असाच प्रश्न ‘दृश्यम’मध्ये आहे. मूळ मल्याळम चित्रपट जीतू जोसेफ यांचा, २०१३ सालचा, मोहनलाल यांची भूमिका असलेला. ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामत यांनी २०१५ साली तो हिंदीत केला आणि कथा गोव्यात आणली. २ ऑक्टोबरला साळगावकर कुटुंब पणजीला सत्संगाला गेलं होतं की नाही, यावर त्या काळात किती विनोद झाले ते आठवत असेलच. चौथी नापास केबलवाला, आयुष्यभर सिनेमे पाहून शहाणा झालेला. मुलीच्या हातून घडलेल्या गोष्टीपासून तो घराला वाचवायला निघतो. गुन्हा आपल्यादेखत घडला आहे, त्यामुळे नाव लपवण्याचा प्रश्नच नाही. पोलिसांना भेटणारा प्रत्येक साक्षीदार प्रामाणिक आहे. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, कुणीही मुद्दाम खोटं बोलत नाही. तरी साक्ष चुकीची आहे. स्मरणशक्तीला कसं वळवता येतं, याचा हा नमुनाच आहे. आणि चौकशीच्या नावाखाली इन्स्पेक्टर लहान मुलीवर हात उगारतो, तेव्हा सबंध थिएटर गुन्हा लपवणाऱ्याच्या बाजूला गेलेलं असतं. बाहेर पडल्यावर मात्र मुलगा गमावलेली ती आईही आठवते. तब्बूनं तिला नुसती खलनायिका होऊ दिलेलं नाही.

मारहाणीचा विषय निघाला म्हणून शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा चित्रपट. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बोंग जून-हो यांचं नाव ‘पॅरासाइट’च्या ऑस्करनंतर २०२० मध्ये घरोघरी पोचलं. त्यांचा २००३ सालचा चित्रपट म्हणजे ‘मेमरीज ऑफ मर्डर’. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासाँग भागात दहा स्त्रियांचे खून झाले, त्यांवर तो आधारलेला आहे. गावातला एक पोलीस म्हणतो, मी नुसत्या डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखतो. राजधानीतून आलेला दुसरा म्हणतो, कागदपत्रं खोटं बोलत नाहीत. पहिला संशयितांना बडवून कबुल्या मिळवतो. दुसरा पुरावा शोधता शोधता पहिल्यासारखाच होत जातो. इथं डोअरकीपरला सांगण्यासारखं नावच नव्हतं, कारण चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेलाच नव्हता. शेवटच्या दृश्यात तो पोलीस सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांत पाहतो.

नाव सापडलं ते २०१९ मध्ये. जपून ठेवलेल्या नमुन्यांची डीएनए तपासणी झाली आणि ती जुळली एका कैद्याशी. तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीच जन्मठेप भोगत होता. या गुन्ह्यांची मुदत संपलेली, त्यामुळे खटला होऊ शकत नव्हता. हा चित्रपट आपण पाहिला होता, पण विशेष काही वाटलं नाही, असं त्यानं पुढे कोर्टात सांगितलं. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यानं कबूल केलेल्या खुनांपैकी एका खुनासाठी दुसराच एक माणूस सुमारे वीस वर्षं तुरुंगात राहून आला होता. त्याच्याकडून पोलिसांनी जबरदस्तीनं कबुली घेतली होती. फेरसुनावणी होऊन तो निर्दोष ठरला डिसेंबर २०२० मध्ये. ‘कानून’मधल्या आरोपीचा प्रश्न साठ वर्षांनी अगदी खऱ्या कोर्टात उभा राहिला.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. अनेकांना ती गुन्हेगारांना सुटायची पळवाट वाटते. पडद्यावर इन्स्पेक्टरनं दोन थोबाडीत दिल्या आणि गुन्हेगार पोपटासारखा बोलू लागला, की टाळ्या पडतात. अशा वेळी ह्वासाँगचा तो दुसरा माणूस आठवावा. ती तरतूद त्याच्यासारख्यांसाठी आहे.

तेव्हा पाहायचे झाल्यास क्रम असा ठेवा. रविवारी दुपारी मुलांना घेऊन ‘सोनार केल्ला’. मग ‘कानून’ आणि ‘दृश्यम’ लागोपाठच्या दोन दिवशी, म्हणजे साक्षीदारांची तुलना आपोआप होईल. ‘हाय अँड लो’ला जवळजवळ अडीच तास राखून ठेवा आणि सुरुवात चुकवू नका. ‘एम’ आणि ‘मेमरीज ऑफ मर्डर’ मोठ्यांनीच पाहावेत, आणि शक्य तर एकट्यानं नको. पाहून झाल्यावर त्यांविषयी बोलायला कुणीतरी सोबत असलेलं बरं.