यमुनेचा बाप्तिस्मा लांबला, तो का?

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, असं विचारलं की बहुतेक जण ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे उत्तर देऊन मोकळे होतात. पुस्तक उघडून बघणारे थोडेच. ज्यांनी उघडलं त्यांनीही ती विधवांच्या हालअपेष्टांची कथा म्हणून वाचली. त्यात चूक नाही. पूर्ण नावातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचं निरूपण आहे आणि विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. पण लेखक बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेले गृहस्थ. त्यांच्या कादंबरीत आणखी एक धागा आहे, तो असा वाचताना निसटतो.

यमुना आणि विनायकराव या जोडप्याचा ख्रिस्तावर विश्वास बसला आहे, पण तो उघड करण्याची त्यांची तयारी नाही. प्रवासात विधवांची दुःखं दोघं ऐकतात, हळहळतात. स्वतःचं गुपित मात्र जपतात. विनायकराव बाप्तिस्मा घेतात तो अपघातानंतर, मरणाच्या दारात. मग यमुना विधवा होते, केशवपनाचं संकट थेट तिच्यावर येतं, आणि तेव्हा कुठे तीही उघडपणे ख्रिस्ती होते. पुढे एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह होतो.

हा विलंब पदमनजींनी हवेतून आणलेला नाही. धर्मांतरापूर्वी मुंबईत ते परमहंस मंडळीत होते. जातिभेद मोडायला निघालेली ही मंडळी जमायची मात्र चोरून. सभासदाने पाव खाऊन जात मोडायची आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही! मनात एक, घरात दुसरं, ही अवस्था त्यांनी अशी जवळून पाहिली होती. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता खरा. पण पंगत, पाणी आणि सोयरीक यांना कायदा कुठला लागू व्हायला?

कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’ कच्चं आहे, हे मान्यच करायला हवं. पात्रं बोलता बोलता प्रवचनाला बसतात. विधवांच्या हकिकती जिवंत उतरतात, कारण तिथे लेखक ऐकत असतो. श्रद्धेची गोष्ट निघाली की तो शिकवू लागतो. यमुनेचा विश्वास आपल्यापुढे तयारच येतो, तो घडताना दिसत नाही. ते घडणं पदमनजींनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितलं: व्रतवैकल्यांत रमलेला मुलगा, शाळेतलं बायबल, मुंबईतले वाद, घरच्यांचा धाक. कल्पित यमुनेला त्यांनी जे दिलं नाही, ते स्वतःबद्दल लिहिताना हात न आखडता दिलं.

म्हणून ही दोन्ही पुस्तकं जोडीने वाचावीत, आणि ‘अरुणोदय’ आधी.