टायमिंग चेन : आवाज आला की ऐका



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ऑफ सीझनची कामे सुरू होतात. गव्हाणीची साखळी उतरवून तिच्या पिना व बुश तपासतात आणि झिजलेला माल बदलतात. साखळी तुटलेली नसते, तरी बदलतात. कारण भर हंगामात ती तुटली तर गाडीअड्ड्यात ऊस वाळतो, आणि ते नुकसान साखळीच्या किमतीच्या कितीतरी पट असते. हा हिशेब आपणांस पाठ आहे. मात्र तोच हिशेब दारातल्या मोटारीला आपण लावत नाही. म्हणून या अंकात आम्ही टायमिंग चेनचा विषय घेतला आहे.

आपल्या भागातली इंजिने

टायमिंग चेन ही काही नवी चीज नव्हे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटारींची कंपनी काढली. तिच्याच कारखान्यातून पुढे पद्मिनी गाडी बाहेर पडली. इटलीच्या फियाटच्या त्या इंजिनात टायमिंग चेनच होती.

पुढे फियाटचेच दुसरे इंजिन आपल्याकडे घरोघर पोचले. १२४८ सी.सी.चे हे टर्बो डिझेल इंजिन २००७ साली मारुती स्विफ्टमध्ये आले, नंतर डिझायरमध्ये बसले. टाटांच्या इंडिका व्हिस्टासाठी तेच इंजिन पुणे जिल्ह्यात रांजणगावला तयार होत असे. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. तेव्हा आज गावात पळणाऱ्या या डिझेल स्विफ्ट-डिझायर सगळ्या जुन्या झाल्या आहेत, आणि बऱ्याच जणांच्या दारात त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेल्या आहेत. चेनची काळजी त्यांनाच अधिक.

चेन करते काय?

इंजिनात खाली क्रँक व वर कॅमशाफ्ट असतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे. तेव्हाच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात व मिटतात. हा मेळ चेन राखते. गाडी सोलापूरहून पुण्याला निघाली व इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालले, तर चार तासांत क्रँकच्या ४,८०,००० फेऱ्या होतात. तेवढा वेळ चेनला क्षणाचीही उसंत नाही.

लोक म्हणतात, "चेन ताणली." वास्तविक लोखंड ताणत नाही, सांधे झिजतात. समजा चेनला १२० सांधे आहेत व प्रत्येक सांधा अवघा ०.०२ मि.मी. झिजला, तर सारी चेन २.४ मि.मी. लांब होते. तेवढ्याने कॅम मागे पडतो. पुढे चेन दात्यावरून उडी मारते किंवा तुटते. मग व्हॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येतो आणि दोघांची टक्कर होते. रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह वाकतात. चेनचे काम राहते बाजूला, हेड उतरवावे लागते. कधी कधी अख्खे इंजिनच हातचे जाते.

झीज कशाने होते?

मुख्य कारण ऑईल. डिझेलची काजळी ऑईलात उतरते व सांध्यांत कानशीसारखी घासते. चेन ताठ ठेवणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल कमी वा जुने असेल तर तो ढिला पडतो. टर्बोची बेअरिंगही याच ऑईलवर जगते, आणि टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. ऑईल बदलायला टाळाटाळ केली की चेन आणि टर्बो दोघांवर एकदमच गदा येते.

लक्षणे

सकाळी थंड इंजिन चालू करताच दोन-चार सेकंद पुढून खडखड येते, मग थांबते. ऑईलचा दाब चढेपर्यंत चेन सैल असते, म्हणून हा आवाज. पुढे पुढे तो थांबेनासा होतो. स्टार्टर जास्त मारावा लागतो, ओढ कमी होते, इंजिनचा दिवा लागतो. "गाडी पळतीय की, मग इंजिन कशाला खोलायचं?" असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना आमचे सांगणे, पळतीय तोवरच खोलायचं! एकदा चेन तुटली की खर्च आपल्या हातात राहत नाही.

बदलताना काय पाहावे?

हे काम घरी करण्यासारखे नाही. जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे, पण आपण शेजारी उभे राहावे व पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. नुसती चेन घालू नये. टेन्शनर, गाईडच्या पट्ट्या व दातेरी चक्रे यांचा पूर्ण संच घ्यावा. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही.

२. क्रँक व कॅम जागेवर अडकवण्याची हत्यारे मिस्त्रीकडे आहेत का, हे आधी विचारावे. नुसत्या खडूच्या खुणेवर भिस्त ठेवू नये.

३. जुनी व नवी चेन शेजारी शेजारी टांगावी. लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो.

४. ऑईलची टाकी व जाळी साफ करून घ्यावी. जुन्या गाईडचा तुकडा किंवा जादा लावलेले सीलंट जाळीत अडकले, तर ऑईल तुटते व नवी चेन असूनही टर्बो बसतो.

५. पुलीचा बोल्ट अंदाजाने न आवळता कंपनीने दिलेल्या मापाने आवळावा.

६. स्टार्टर मारण्याआधी इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी पुरी होते. कुठे अडले तर जोर न लावता पुन्हा जुळवावे.

७. नवे ऑईल व नवा फिल्टर घालूनच इंजिन चालू करावे. पहिली काही मिनिटे रेस करू नये.

जुनी गाडी घेताना

ऊसबिल हातात पडले की जुन्या गाड्यांचे व्यवहार होतात. गाडी पाहायला भल्या सकाळी जावे व बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागला तर मालकाने इंजिन आधीच फिरवून ठेवले आहे असे समजावे, व दुसऱ्या दिवशी न सांगता जावे. ऑईल कधी कधी बदलले, याच्या पावत्या मागाव्यात. पावत्या नसतील तर चेनच्या संचाचा व मजुरीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली करावी.

आपली गाडी असेल तर ऑईल बदलल्याची तारीख व किलोमीटर वहीत लिहावेत, आणि महिन्यातून दोनदा तरी ऑईलची पट्टी ओढून पाहावी. रात्री-अपरात्री घरातल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा हीच गाडी उपयोगी पडायची आहे.