व्हीलुकअप की एचलुकअप? आधी शीर्षकं बघा

एक्सेलमध्ये या दोन फंक्शन्सपाशी कुणी अडखळलं की मी एकच विचारतो: ज्यावरून शोधायचंय ती नावं खाली उतरत जातात की आडवी पसरतात?

किराणा दुकानाची दरयादी घ्या. पहिल्या कॉलममध्ये तूरडाळ, साखर, पोहे एकाखाली एक, शेजारी दर. इथे व्हीलुकअप. पण वरच्या ओळीत एप्रिल ते मार्च असे महिने असतील आणि जूनचा आकडा हवा असेल, तर एचलुकअप. त्याला चार गोष्टी सांगायच्या: जून, तक्ता बी1 ते एम8, ओळ 4 आणि फॉल्स. ही चौथी ओळ निवडलेल्या तक्त्यातली मोजायची, शीटमधली नव्हे.

आणि ते शेवटचं फॉल्स कधीच गाळू नका! ते नसेल तर एक्सेल जवळपासचं मूल्यही चालवून घेतं. यादी क्रमाने लावलेली नसली की साखरेपुढे पोह्यांचा दर येऊन बसू शकतो, एररही न दाखवता.

नवी यादी मात्र उभीच करा. एक्सेलच्या शीटमध्ये ओळी 10,48,576, कॉलम फक्त 16,384. शिवाय फिल्टर आणि पिव्होटलाही उभी मांडणीच लागते. एक्सेल 2021 किंवा गूगल शीट्स असेल तर सरळ एक्सलुकअप घ्या. तो उभा-आडवा दोन्ही शोधतो, आणि डावीकडच्या कॉलममधलंही आणून देतो, जे एकट्या व्हीलुकअपला जमत नाही.