स्पीकर नवे, अ‍ॅम्प्लिफायर कोणता?

दोस्तांनो, घरात नवे स्पीकर आलेत? मग अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी स्पीकरच्या पाठीवरचा आकडा आई-बाबांना वाचून दाखवा. ‘८ ओहम’ किंवा ‘४ ओहम’ म्हणजे विजेला होणारा अडथळा. अडथळा कमी, तर वीज जास्त खेचली जाते. ८ ओहमसाठीच बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर जोडलेत, तर तो तापतो, बंदही पडू शकतो.

आता वॉट. ५० ऐवजी १०० वॉट घेतले, की आवाज दुप्पट? छे! वाढतो फक्त ३ डेसिबलने. पण छोटा अ‍ॅम्प्लिफायर पार पिळलात, तर ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि तार स्वरांचा नाजूक ‘ट्वीटर’ जळू शकतो. तेव्हा आवाज फाटला, की बटण लगेच मागे फिरवा!